आत कोरं

कावळे मॅडम रिटायर झाल्या त्या वर्षी
पदरच्या पैशानं पाचशे कार्डं छापून आणली त्यांनी,
पारसमलच्या ऑफसेटवर, जाड कागद, पाकिटासकट,
आणि माझ्या काउंटरवर गठ्ठा ठेवून म्हणाल्या,
पंधराला वीक. तीन तुझे.

उघडून पाहिलं तर आत कोरं.
म्हटलं, मॅडम, लोकांना मजकूर लागतो,
दिवाळी, वाढदिवस, गेलाबाजार एखादा शेर.
म्हणाल्या, ज्याचं त्यानं लिहावं. जागा सोडलीय.

वर चित्र: उतरत्या उन्हातली बाग,
फरशीवर काशीदाचा पिवळा सडा,
सिमेंटचं हरीण, कारंजं,
बाकाखाली बायकी चपलांचा जोड
आणि बाकावर कुणीच नाही.

पहिलं कार्ड नेलं भोकरदन नाक्यावरच्या कंपाउंडरनं.
कुठलंय हो, म्हैसूर?
दुसरा म्हणाला उटी. कॉलेजची एक पोरगी म्हणाली, फॉरेन असंल.
मी बोललो नाही.
गिऱ्हाईक बोलत असलं की आपण सुट्टे मोजावेत.

दुकानापासून चारशे पावलं आहे ती बाग.
जालन्याच्या जुन्या टाकीखाली. गेटला साखळी,
बाजूचे दोन गज वाकवलेले;
त्यातून पहाटे भरतीची पोरं जातात, दुपारी शेळ्या,
रात्री कोण जातं ते विचारू नये.

नगरपालिकेतले गोपछडे बाबू
नव्या वर्षाला दहा घेऊन गेले, साहेब लोकांना पाठवायला.
आपल्याकडं असं कामून होत नाही हो, म्हणाले.
त्या साखळीच्या कुलपाची किल्ली
त्यांच्याच टेबलाच्या डाव्या खणात आहे.

एका दुपारी कार्ड घेऊन मीच गेलो पडताळायला.
गजांत अडकून शर्टाचं बटण गेलं.
वाटलं होतं, बाईंनी रंग चढवला असणार,
लग्नातला फोटोवाला नवरीला चढवतो तसा.
नाही. हरणाचं एक शिंग तुटलंय, सळई वर आलीय,
आणि कार्डावरही सळईच:
मीच इतके दिवस ती शिंग म्हणून विकत होतो.
कारंजं तिथंही कोरडं, इथंही.
बाकावर ‘यांच्या स्मरणार्थ’ शाबूत,
कुणाच्या, ते उडालेलं. दोन्हीकडं.
फक्त चपला नव्हत्या.

मॅडमना विचारलं. त्या हिशेबाच्या वहीवर सही करत होत्या.
बाग नवी होती तेव्हा टँकरच्या पाण्यावर हिरवळ धरली होती.
वर्षभर लोक चपला काढून आत जायचे रे.
पाटीसुद्धा नव्हती लावलेली.
एवढंच. मग आम्ही
तीन गुणिले किती ते बघितलं.

परवा केवळबाईकडं गेलो, हयातीच्या दाखल्याचे झेरॉक्स द्यायला.
पुण्याहून लेकीचं पाकीट आलेलं, चष्मा दुरुस्तीला.
वाच म्हणाली.
पत्ता: नगरपालिका बागेच्या मागे.
आत: आई, बरी आहेस ना. मी बरी.
बाकी कोरं, मॅडमनी सोडलेलं.

म्हातारीनं कार्ड उजेडाकडं धरलं,
डोळ्यापाशी नेलं, हातभर लांब नेलं.
लई दूरचं गाव दिसतंय, म्हणाली.
ऊन बी कसं बसल्यावानी आहे तिथलं.

माझ्या जिभेवर आलं होतं.
पण ती उठली, मोरीजवळच्या खिडकीपाशी गेली,
जिथं तावदान फुटलंय आणि काशीदाची फांदी आत येऊ बघते,
तिथं ते कार्ड उलगडून दाबून बसवलं,
चित्र घराच्या बाजूला.
आता वारं नाही येणार, म्हणाली. डासं बी.

दोनशे बारा शिल्लक आहेत.